आधी पिस्टन, मग बोअर: माझ्या स्विफ्ट डिझेलचा अनुभव

"इंजिन तेच आहे साहेब, बिनधास्त न्या." स्पेअर पार्टच्या दुकानातल्या काउंटरवरच्या माणसाचं हे वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकावं.

गाडी २०१२ ची स्विफ्ट व्हीडीआय, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. तीन नंबरच्या सिलिंडरचा इंजेक्टर (डिझेल आत फवारतो तो) गळत होता, सकाळी पांढरा धूर आणि ठकठक, आणि मी महिनाभर 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' करत तशीच पळवली. चूक माझीच. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं तर तीन नंबरच्या पिस्टनची कड हरभरा मावेल एवढी वितळलेली, सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा, नख अडकत होतं. इंजिन उतरवून ब्लॉक (चारही सिलिंडर असतात तो भाग) उद्यमनगरातल्या बोरिंगच्या वर्कशॉपात पोचवणं दोन दिवसात झालं.

तिथले बोरिंगवाले मामा म्हणाले, "पिस्टन आणा आधी, मग बोअर करतो." बोअर म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं. मला वाटलं काम टाळायलेत. दुकानदार फोनवर सांगत होता की ०.५० ओव्हरसाइजचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, पिस्टनचा सेट उद्या येतोय, मग आजच बोअर करून ठेवायला काय हरकत? मामा ऐकेनात. डब्यावर काय छापलंय त्यावर ते बोअर करतच नाहीत, हातातला पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या हिशेबाने करतात. तेही पिस्टनच्या खालच्या भागावर, म्हणजे स्कर्टवर, आणि पिस्टन ज्या पिनने कनेक्टिंग रॉडला जोडतात तिच्या आडव्या दिशेला मोजायचं, कारण पिस्टन दिसतो गोल पण असतो किंचित अंडाकृती आणि वर निमुळता. मी चिडून चहा प्यायला निघून गेलो.

तो 'उद्या' नऊ दिवसांनी उगवला. घरी पेपर पसरून जुना आणि नवा पिस्टन शेजारी शेजारी ठेवला, व्यास हवा तसा अर्धा मिलिमीटर जास्त, पिन बरोबर, पण पिस्टनच्या डोक्यावरची वाटी, म्हणजे खोलगट भाग, वेगळी दिसायला लागली. व्हर्नियर लावला, नवीन वाटी रुंद होती. परत दुकानात गेलो तर तेच वाक्य. आता हे १.३ चं इंजिन मूळ फियाटचं, स्विफ्ट, रिट्झ, पुंटो, व्हिस्टा, मांझा सगळ्यांत आहे हे खरं, पण कुठे ७५ हॉर्सपॉवरचं आहे, कुठे ९० चं, आणि 'तेच इंजिन' म्हटलं म्हणून आतला प्रत्येक पार्ट तोच निघेल असं थोडंच आहे!

मी त्याला तिथेच हिशेब करून दाखवला. १२४८ सीसी भागिले चार, म्हणजे एका सिलिंडरला ३१२. कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, १७.६ ला १, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम १९ सीसी. त्यात वाटी दीड सीसीने जरी मोठी असली तरी कॉम्प्रेशन साडेसोळाच्याही खाली, मग थंडीत सकाळी सेल मारत बसा. तो म्हणाला, "एवढं कोण बघतंय?" आणि वर, डबा उघडला की माल परत नाही. उघडल्याशिवाय वाटी दिसणार कशी हे मी विचारलं, त्यावर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

बरोबर वाटीच्या सेटसाठी अजून अकरा दिवस गेले. रोज फोन, रोज 'माल घेऊन गाडी निघालीय'. बायको म्हणाली रिक्षाला एवढे पैसे घातले त्यात दोन पिस्टन आले असते. मध्ये एका मित्राने डोक्यात फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या जास्त मजबूत पिस्टनचं खूळ घातलं, रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) पण करू म्हणाला. फोर्ज्ड गरम झाल्यावर जास्त फुगतो म्हणून बोअरमध्ये जागा जास्त ठेवावी लागते, थंड असताना वाजतो, आणि माझी गाडी जाणार मार्केट यार्डापर्यंत. सोडून दिलं.

शेवटी दुसऱ्या दुकानात, जुना पिस्टन पिशवीत घालून आणि इंजिन नंबर लिहून घेऊन गेलो तेव्हा बरोबर वाटीचा सेट मिळाला, पण स्टँडर्ड साइजमध्ये. आणि इथे मामांचा हट्ट कामाला आला, कारण ब्लॉक अजून कापलाच नव्हता. बाकी तीन सिलिंडर मोजले तर झीज मर्यादेत, होनिंगच्या, म्हणजे भिंत बारीक घासून पाडलेल्या, तिरक्या रेघासुद्धा दिसत होत्या. मग तीन नंबरला आत नवीन नळी, म्हणजे स्लीव, मारून स्टँडर्डला आणला, उरलेल्या तिघांना नुसतं होनिंग. मी म्हटलं तसं पहिल्याच दिवशी ०.५० ला बोअर केला असता तर तो स्टँडर्ड सेट माझ्या काही कामाचा नव्हता. मामांना सॉरी म्हणालो, ते म्हणाले, "चहा सांगा."

चारही पिस्टन गुजरीत मित्राच्या दुकानात सोन्याच्या काट्यावर तोलले, सगळ्यात जड आणि हलक्यात दोन ग्रॅमचा फरक. शेजारी पाटल्या घ्यायला आलेल्या काकू बघतच राहिल्या. पिस्टनवरच्या रिंगा डब्यातून काढून थेट चढवू नका, आधी नुसती रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (मोजायच्या पातळ पट्ट्या) बघा, टर्बो इंजिनात उष्णता जास्त, टोकं भिडली तर रिंग भिंतीला खरवडते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो तेही डायल गेज लावून बघायचं, हेड गॅस्केटची जाडी त्यावरून ठरवतात. आणि हो, हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, चारही इंजेक्टर टेस्ट केल्याशिवाय नवीन पिस्टन आत घालू नका, नाहीतर परत तोच हरभरा.

गाडी पहिल्या सेलला चालू झाली. चुकीच्या सेटचे पैसे पहिल्या दुकानाने महिनाभर भांडल्यावर निम्मे दिले, तेही रोख नाही, त्याच्याच दुकानात काहीतरी घ्यायचं म्हणे. सगळ्याचे ऑइल फिल्टर घेऊन आलो, माळ्यावर अजून चार पडलेत.