वसईच्या मावशी आणि लेलीची मरिया

लंडनमध्ये मराठी पर्यटकांना संग्रहालयं दाखवणं हे माझं काम. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं, सतराव्या शतकातला चित्रकार पीटर लेली याचं एक चित्र मला फार आवडतं. लाल झगा, निळं वस्त्र, जवळ बाळ. पाहताक्षणी मरियामाता आणि बाळ येशूच वाटावेत.

त्या दिवशी वसईचं एक कुटुंब होतं. मी काही बोलायच्या आत सत्तरीच्या मावशींनी क्रूसाची खूण केली, हात जोडले आणि हळू आवाजात 'नमो मरिये' म्हणू लागल्या. माझ्या घशाला कोरड पडली. कारण ही मरिया नव्हे. ही बार्बरा व्हिलिअर्स, इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सची प्रेयसी. बाळ बहुधा राजापासून झालेला तिचा मुलगा. चित्र १६६४ च्या सुमाराचं.

प्रार्थना होईपर्यंत गप्प राहायचं ठरवलं होतं. पण सूनबाई म्हणाल्या, "सांगा ना ताई, कुणाचं आहे हे?" सांगावंच लागलं. मावशींचे ओठ मध्येच थांबले.

बड्या घरच्या बायकांनी संतिणींच्या रूपात चित्र काढून घ्यायची तेव्हा रीतच होती. लेलीनं बार्बरालाच मोकळ्या केसांची, पश्चात्तापात बुडालेली संत मरिया मग्दालियाही केलं. आमच्या समोरच्या या मरियामातेच्या चित्राची एक प्रत फ्रान्समधल्या मठात वेदीसाठी गेली आणि खरी बाई कोण ते कळल्यावर नन्सनी ती परत पाठवली, असं सांगतात. ही गोष्ट मी एरवी रंगवून सांगते. त्या दिवशी दोन वाक्यांत उरकली.

"आणि राजाची लग्नाची बायको?" मावशींनी विचारलं.

पोर्तुगालची राजकन्या, ब्रगांझाची कॅथरीन. जिच्या लग्नाच्या १६६१ च्या करारात आपली मुंबई हुंड्यात दिली गेली, तीच. १६६२ मध्ये लग्न होऊन ती आली आणि राजानं बार्बरालाच तिच्या खास दासींत नेमायचा हट्ट धरला. दोघींची समोरासमोर गाठ घालून दिली तेव्हा राणीच्या नाकातून रक्त आलं, ती बेशुद्ध पडली. तिला मूल झालं नाही. तिनंही हायसमन्स या चित्रकाराकडून संत कॅथरीनच्या रूपात चित्र काढून घेतलं. तेव्हाचा लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सनं १६६४ च्या ऑगस्टमध्ये ते पाहिलं आणि हुबेहूब उतरलंय म्हणून रोजनिशीत वाखाणलं. पण तिचं तर नावच कॅथरीन. आपल्या नावाच्या संतिणीचं रूप घेणं वेगळं आणि निपुत्रिक राणीच्या दरबारात राजाचं बाळ जवळ घेऊन मरिया होणं वेगळं. इतकी वर्षं मी या चित्रातल्या रेशमाच्या चुण्यांचंच कौतुक करत आले होते.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राणीनं हे पाहिलं असेल का गं?"

"ठाऊक नाही, मावशी."

"नाव काय म्हणालीस तिचं?"

"कॅथरीन."

"कातरिना," त्या म्हणाल्या. चित्राकडे पाठ केली, पर्समधून जपमाळ काढली आणि अर्धी राहिलेली प्रार्थना तिच्या नावानं पुरी केली.