सरावात १२७, मग परीक्षेत किती?

परीक्षा तीन आठवड्यांवर आली की विद्यार्थी मला हमखास एकच प्रश्न विचारतात : "सरावात १२७ आले, तर प्रत्यक्षात किती येतील?" अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या एमकॅट परीक्षेत ‘कार्स’ नावाचा विभाग असतो. तो निव्वळ वाचनाचा आहे : ९ उतारे, ५३ प्रश्न, ९० मिनिटे, आणि गुणांची पट्टी ११८ ते १३२. या विभागाची तयारी करून घेता घेता माझे असे ठाम मत झाले आहे की, आपण प्रश्न मोजतो आणि उतारे मोजत नाही, म्हणून आपले अंदाज चुकतात.

५३ हा आकडा ऐकायला भरभक्कम वाटतो. पण हे प्रश्न सुटे नसतात. एकेका उताऱ्यावर ५ ते ७ प्रश्न असतात आणि लेखकाचा रोखच कळला नाही, तर त्यांतले तीन-चार एकदम हातचे जातात. म्हणजे खऱ्या अर्थाने आपली परीक्षा ५३ वेळा नव्हे, तर ९ वेळाच होत असते. माझ्या एका विद्यार्थिनीचे एका सरावात १० प्रश्न चुकले आणि पुढच्या आठवड्यात ६ चुकले, तेव्हा प्रगती झाली म्हणून तिला फार आनंद झाला. दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहिल्या, तर पहिल्या वेळच्या १० चुकांपैकी ४ एकट्या संगीतशास्त्रावरच्या उताऱ्यातल्या होत्या. तो उतारा बाजूला ठेवला की चुका ६ आणि ६. तिची कुवत होती तेवढीच होती. दुसऱ्या दिवशी तसा उतारा वाट्याला आला नाही, इतकेच.

प्रत्येक प्रश्न स्वतंत्र आहे असे क्षणभर धरले, तरी चारांपैकी तीन प्रश्न सोडवू शकणाऱ्या विद्यार्थ्याचे ५३ पैकी सरासरी ४० बरोबर येतात आणि केवळ योगायोगाने त्यात तीनेकांचा चढउतार होतो. त्यामुळे दोन सरावांमध्ये चार-पाच प्रश्नांचा फरक पडला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. परीक्षा घेणारी संस्था, एएएमसी, स्वतःच विभागाच्या गुणाला अधिक-उणे १ अशी कक्षा जोडते. खऱ्या परीक्षेच्या गुणातच एवढी सैल जागा असेल, तर सरावाने त्याहून नेमके भाकीत करावे अशी अपेक्षा धरणे योग्य नाही.

सराव कोणाचा, यानेही मोठा फरक पडतो. खऱ्या परीक्षेत गुणांत न धरले जाणारे काही प्रश्न मिसळलेले असतात. विद्यार्थ्यांनी ते कसे सोडवले हे पाहता येते आणि सदोष प्रश्न गाळता येतो. ही चाळणी खासगी प्रश्नसंचांना सहसा लाभत नाही. त्यांचे उतारे चांगले असतात, फसतात ते पर्याय. एका संचात "लेखकाला परंपरेबद्दल काय वाटते?" या प्रश्नाला ‘साशंक आदर’ आणि ‘सावध स्वीकार’ असे दोन पर्याय होते. मी तो उतारा तीनदा वाचला. दोन्हींना सारखाच आधार होता. अशा प्रश्नावर गेलेला गुण वाचनाबद्दल काहीही सांगत नाही. मात्र एखादा संच सातत्याने कठीण असेल, तर तो टाकाऊ ठरत नाही : त्यातले गुण सरसकट कमी येतात, पण कोण पुढे आणि कोण मागे हा क्रम तो बरोबर लावू शकतो. क्रम बरोबर लागणे आणि आकडा बरोबर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून मी अंदाज बांधताना अधिकृत, पूर्वी न पाहिलेले आणि घड्याळ लावून एका बैठकीत सोडवलेले शेवटचे तीन सरावच धरतो, आणि त्यांतला सर्वोच्च गुण न घेता मधला घेतो. एकदा वाचलेला उतारा पुन्हा सोडवला, तर तिथे स्मरणशक्ती मदतीला येते. तो गुण मी वहीत लिहूनही घेत नाही. वहीत प्रत्येक प्रश्नापुढे विद्यार्थ्याने उत्तर तपासण्याआधी एक खूण करायची असते : खात्री, दोघांत अडकलो, किंवा अंदाजपंचे. ‘दोघांत अडकलो’ या १४ पैकी १२ बरोबर आले असतील, तर त्या दिवशी नशिबाचाही हात असण्याची शक्यता मी धरतो. ‘खात्री’च्या रकान्यात चार चुका असतील, तर मला अधिक काळजी वाटते, कारण तिथे चुकीचे वाचन पक्के झालेले असते.

त्या विद्यार्थिनीला मी १२७ असे उत्तर दिले नाही. १२५ ते १२८ असे सांगितले आणि विचारले, "१२५ आले, तर तू ज्या महाविद्यालयांना अर्ज करणार आहेस, त्यांच्यासाठी ते पुरतील का?" ती म्हणाली, "नाही." मग आम्ही परीक्षेची तारीख पुढे ढकलता येते का, ते पाहायला बसलो.