जन्मगाव : बेळगाव की बेळगावी?

जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरीला लागले तेव्हा माझी फाईल आधी अडकली ती गावाच्या नावावर. जन्मदाखल्यावर 'बेळगाम', पासपोर्टवर 'बेळगावी'. 1 नोव्हेंबर 2014 ला कर्नाटक सरकारने नाव बदललं. त्याच तारखेला तिकडे राज्योत्सव आणि आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? त्याला ती दोन वेगळी गावं वाटली. 'कागदपत्रांत विसंगती' असं तीनदा आपोआप उत्तर आलं.

मग एके दिवशी फोन आला. एचआरमधल्या एक सेनेगलच्या बाई. म्हणाल्या, "ते राहू दे, घरी गावाला काय म्हणता?" मी म्हटलं, बेळगाव. त्या हसल्या, दोन ओळींची नोंद लिहिली, आणि तीन आठवडे अडलेलं काम दहा मिनिटांत झालं.

आज मी त्याच विभागात बसते. लिफ्टशेजारी 'माणूस आधी' असं मोठं पोस्टर आहे. ते लावणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण ते जाऊ दे.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 101 व्या कलमात म्हटलंय की माणसं घेताना कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी पाहा, आणि शक्य तितक्या वेगवेगळ्या देशांतून घ्या. घेतात. पण नियमांतलं कुटुंब तेवढं सगळीकडचं नसतं. अवलंबून असलेला नवरा किंवा बायको नसेल तर आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी एकाच व्यक्तीसाठी भत्ता मिळतो. एका सहकाऱ्याच्या घरी म्हातारी आई आणि अपंग बहीण, दोघी त्याच्याच पगारावर. नियम मी बदलू शकत नाही. छापील नकार पाठवायच्या आधी फोन मात्र केला. बराच वेळ तो गप्प होता. मग त्यानं विचारलं, "कुणाचं नाव लिहू?" त्याला मी काय उत्तर देणार? दोघांनी समोरासमोर बसून दोन वर्षांचा हिशेब मांडला असता तर बरं, पण तो दूर दुसऱ्या खंडात, फोनवरच मांडला.

इथे एचआरची चूक महागात पडते, कारण दाद मागायला जवळचं कोर्ट नाही. या संस्थांना यजमान देशाच्या कायद्यापासून संरक्षण असतं, त्यामुळे कर्मचाऱ्याला स्विस कोर्टात जाता येत नाही. आधी संस्थेतल्या संस्थेत अपील, मग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं किंवा संयुक्त राष्ट्रांचं न्यायाधिकरण. वाट बघायची तयारी हवी. आम्हा सीमाभागातल्यांना तिची सवय आहे म्हणा. आमचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

2025 मध्ये अमेरिकेने निधी आखडता घेतला आणि कित्येक संस्थांनी माणसं कमी केली. इथे नोकरी गेली की तिच्यावर मिळालेलं राहण्याचं कार्डही जातं; मुलांची शाळा, घराचं भाडं, सगळं त्यालाच बांधलेलं. असं असूनही एका ठिकाणी शुक्रवारी संध्याकाळी ईमेल गेले, खाली चौकशीसाठी एक लिंक. सोमवारपर्यंत उत्तर द्यायला माणूस नाही. कपात टळली नसतीच, पण शुक्रवारची संध्याकाळ तरी टाळता आली असती.

माझे काका तहसीलदार कचेरीबाहेर अर्ज लिहून द्यायचे. फॉर्म कन्नडमध्ये, येळ्ळूर, उचगाव, कडोलीहून आलेली माणसं मराठी. कोणी घाबरून कागदांची पिशवी पुढे केली की काका ती बाजूला ठेवायचे. "कागद मागनं बघू. आधी काय झालंय सांग की." निम्म्या वेळा कळायचं, माणसाला भलत्याच फॉर्मसाठी पाठवलंय.

परवा त्यांना फोनवर माझं काम समजावून सांगत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माझंच काम की. एका अर्जाचे किती घेतीस?"