पावसाच्या दहा वर्षांच्या फाइली आणि अण्णांचं कॅलेंडर

आमच्या औसा तालुक्यातल्या शेतकरी गटाला एकच गोष्ट हवी होती. गेल्या दहा वर्षांत, जून ते सप्टेंबर, आपल्या मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा महसुली गट) पावसाचा सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा होता आणि तो कधी पडला? सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसानं ओढ दिली की काय होतं, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. लवकर येणारं वाण घ्यायचं की उशिराचं, हे ठरवायला त्यांना ते आकडे हवे होते. मला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येतं म्हणून काम माझ्याकडे आलं. मग तुळजापूर आणि अंबाजोगाईकडच्या ओळखीच्या गटांनीही 'आमचंही बघा' म्हटलं. शेवटी मंडळनिहाय रोजच्या पावसाच्या शंभरावर फाइली जमल्या.

दोन रविवारांचं काम वाटलं होतं. अडीच महिने लागले. त्यात गणिताचा भाग दोन दिवसांचा, बाकी सगळी साफसफाई.

पहिली अडचण अक्षरांची. काही सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली एक्सेलमध्ये उघडल्या की मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसायची. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलला ती युनिकोडमध्ये आहे हे कळत नाही एवढंच. पांडाजमधून (तक्ते हाताळायची पायथनची लायब्ररी) सेव्ह करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की हा प्रश्न मिटतो. जुन्या फाइली मात्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. त्या कन्व्हर्टरमधून काढल्या आणि नावं एकेक करून डोळ्यांखालून घातली, कारण पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकतात.

मग नावं. माजलगाव आणि माजलगांव. लातूर आणि लातुर. अंबाजोगाई आणि अंबेजोगाई. माणसाला ही तीन गावं, कॉम्प्युटरला सहा. काही जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली, त्यामुळे जुन्या फाइलींत उस्मानाबाद आणि नव्यांत धाराशिव. ग्रुपबाय केलं, म्हणजे नावानुसार गट पाडले, की एका जिल्ह्याचे दोन तुकडे. यावर उपाय एकच, सगळी रूपं एका तक्त्यात लिहून प्रत्येकासमोर एक पक्कं नाव ठेवायचं. तो तक्ता हातानंच करावा लागतो आणि तो जपून ठेवावा.

पण औसा दोनदा आलं तेव्हा मी अडले. दोन्हीकडे 'औसा'च. मागचीपुढची मोकळी जागा स्ट्रिप वापरून आधीच काढलेली. शेवटी दोन्ही नावांची लांबी मोजली. एकाची ३ आली, दुसऱ्याची ४. कुठून तरी कॉपी करताना शेवटी एक न दिसणारं 'झिरो विड्थ' चिन्ह चिकटलं होतं आणि स्ट्रिप त्याला हात लावत नाही, ते वेगळं काढावं लागतं. मात्र हे फक्त नावांच्या कॉलमपुरतं करा. 'दुसर्‍या'मधला अर्धा र टाइप करताना बरेच जण असंच एक अदृश्य चिन्ह वापरतात. शेऱ्याच्या कॉलममधून ते काढलं तर शब्दच बदलतो.

जळकोटनं वेगळाच धडा दिला. जळकोट हा लातूर जिल्ह्यातला तालुका आणि तुळजापूर तालुक्यातही एक जळकोट आहे. मी फक्त मंडळाच्या नावावर मर्ज केलं, म्हणजे दोन तक्ते जोडले, तर दोन्हींचे पाऊस एकमेकांत मिसळले आणि ओळी वाढल्या. तेव्हापासून मर्ज नेहमी जिल्हा, तालुका आणि मंडळ या तिन्हींवर करते. शिवाय 'व्हॅलिडेट' हा पर्याय देते. जोडी एकास एक नसेल तर पांडाज तिथंच थांबतं. मर्जच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आकड्यांचा कॉलम मजकूर म्हणून वाचला गेलाय, हे मला क्रमवारी लावल्यावर कळलं. सगळ्यात जास्त पाऊस वर आणला तर ९.६ हा ८७ च्या वर बसला होता. मजकुरात तुलना पहिल्या अक्षरापासून होते, म्हणून नऊ मोठा. कारणं दोन होती. काही फाइलींत अंक मराठी होते, ते ट्रान्सलेट वापरून बदलले. दुसरं कारण म्हणजे मधूनमधून आकड्याच्या जागी शब्द होते आणि खरा गुंता तिथं होता.

चौकटीत चार प्रकार होते: 'निरंक', 'यंत्र बंद', एक आडवी रेघ आणि नुसती रिकामी जागा. 'निरंक' म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. बाकी तिन्हींचा अर्थ, मोजलंच नाही किंवा नोंद आली नाही. मजकुराचे आकडे करणाऱ्या टू न्यूमेरिकला 'कोअर्स' (जमणार नाही ते रिकामं कर) सांगितलं की चारही सरसकट रिकामे होतात, म्हणजे कोरडा दिवस 'माहिती नाही' मध्ये जातो. मग घाईनं फिलएनए करून सगळीकडे शून्य भरलं की उलट चूक होते, बंद पडलेलं यंत्र कोरडा दिवस दाखवतं. आमच्या कामात तर हे फारच वाईट. आम्ही खंडच शोधत होतो आणि बंद यंत्र नसलेला खंड तयार करून देत होतं. म्हणून आधी 'निरंक'च्या जागी शून्य लिहिलं, बाकीचं रिकामं ठेवलं, मगच कॉलम आकड्यांत बदलला. बेरजेतही हा सापळा आहे. पूर्ण महिना रिकामा असला तरी पांडाजची बेरीज शून्य येते. 'मिन काउंट' (निदान किती नोंदी हव्यात) एक दिला तरच उत्तर रिकामं येतं.

एवढं झाल्यावर खंडांचा पहिला तक्ता काढला आणि गावी नेला. आमच्या घरचे अण्णा दरवर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर फेकून देत नाहीत. तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, 'बुरबुर', 'वावरातून पाणी निघालं', 'पेरणी', 'कोळपणी'. त्यांनी चष्मा लावून एका वर्षाची ओळ पाहिली आणि म्हणाले, "बाई, सहा जुलैला येवढा पाऊस कुठला? त्या दिवशी आपण कोळपत होतो."

कॅलेंडर काढलं. ६ जुलैच्या चौकटीत 'कोळपणी'. ओल्या रानात कोळपं (पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार) चालत नाही, म्हणजे रान वाफशावर, काम करण्याइतकं सुकलेलं होतं. माझ्या तक्त्यात त्याच दिवशी त्या महिन्यातला सगळ्यात मोठा पाऊस होता. आणि मोठा पाऊस अण्णांनी लिहिला होता ६ जूनच्या संध्याकाळी.

मूळ फाइल उघडली. तारखांच्या कॉलममध्ये काही तारखा चौकटीच्या उजव्या कडेला होत्या, काही डाव्या. एक्सेलमध्ये खरी तारीख उजवीकडे बसते, मजकूर डावीकडे. कुठल्या तरी टप्प्यावर ही फाइल अमेरिकी पद्धतीची तारीख लावलेल्या कॉम्प्युटरवर उघडली गेली होती. तिथं महिना आधी असतो. '०७/०६' म्हणजे ७ जून, ते झालं ६ जुलै. '१३/०६' ला तेरावा महिना नाही, म्हणून ते मजकूर म्हणून तसंच राहिलं. प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस असे उलटतात. त्यातला फक्त ६ जून, ७ जुलै असा एकेक दिवस वाचतो.

हे मला आधी का दिसलं नाही? उलटलेल्या तारखांपैकी बहुतेक जानेवारी ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत गेल्या होत्या आणि माझ्या कोडची पहिलीच ओळ होती 'जून ते सप्टेंबर एवढंच घ्या'. चार महिन्यांचे १२२ दिवस असतात. त्या फाइलींत प्रत्येक मंडळाचे ९० उरत होते. ३२ दिवस मीच गाळत होते. आणि ज्या तारखा हंगामातच राहिल्या, त्यांची नुसती अदलाबदल झाली, ७ जून ६ जुलैच्या जागी, ६ जुलै ७ जूनच्या जागी. दुहेरी नोंदी शोधून ही चूक सापडली नसती, कारण दुहेरी काहीच नव्हतं.

दुरुस्ती फाइलनिहाय केली. डाव्या-उजव्याची सरमिसळ जिथं दिसली, तिथं एक्सेलनं तारीख केलेल्या नोंदींचा दिवस आणि महिना उलटा केला आणि मजकूर राहिलेल्यांना, मजकुराची तारीख करणाऱ्या टू डेटटाइममध्ये, फॉरमॅट स्पष्ट लिहून दिला. पांडाजच्या अंदाजावर तारीख सोडू नये. काही फाइलींत तारखेऐवजी ४३६१९ असे आकडे होते. ते एक्सेलचे दिवसांचे क्रमांक, ३० डिसेंबर १८९९ पासून मोजले की ३ जून २०१९ येतं. आता वाचन झालं की कोड आधी मंडळागणिक दिवस मोजतो, १२२ नसतील तर पुढे जात नाही.

तरी अण्णांचं कॅलेंडर आणि माझा तक्ता एका दिवसानं चुकत होते. ही मात्र चूक नव्हती. हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. ६ तारखेच्या संध्याकाळचा पाऊस ७ ला दिसणारच.

खंड मोजताना २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असलेला दिवस कोरडा धरला, कारण पावसाचा दिवस म्हणजे निदान तेवढा पाऊस, अशी हवामान खात्याची व्याख्या आहे. प्रश्न उरला मधल्या रिकाम्या दिवसांचा. एका मंडळात १७ दिवस कोरडे, मग ३ दिवस नोंद नाही, मग परत ५ दिवस कोरडे. खंड १७ चा की २५ चा? आधीच्या दिवसाचा आकडा पुढे ओढून भरता आला असता, ती एका ओळीची गोष्ट आहे. मी भरला नाही. तक्त्यात 'निदान १७, जास्तीत जास्त २५' असं लिहिलं आणि शेजारी 'नोंद नसलेले दिवस' असा कॉलम वाढवला.

गटाच्या बैठकीत तो तक्ता भिंतीवर लावला. लोकांनी आधी तोच कॉलम वाचला. मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, त्या तीन दिवसांत आमच्या शिवारात शिरवं (पावसाची सर) आलं होतं, घरी वहीत असंल. पुढच्या शनिवारी ते वही घेऊन येणार आहेत.