आईची रक्त पातळ करायची गोळी गावात राहून सांभाळताना

आईच्या हृदयात धातूची झडप आहे, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची. तिचं अ‍ॅसिनोकुमेरॉल मीच सांभाळतो. बीपीच्या गोळीसारखं हिचं माप कायमचं ठरत नाही, ते आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या तपासणीतल्या आकड्यावर ठरतं. आईसाठी डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 सांगितलंय. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव.

मात्रा कॅलेंडरवर आठवड्याच्या बेरजेने लिहितो: सोमवार, बुधवार, शुक्रवार 2 मिलिग्रॅम, बाकी चार दिवस 1, म्हणजे एकूण 10. डॉक्टर बदल करतात तो या बेरजेत. 1 आणि 2 च्या पट्ट्या वेगळ्या ठेवतो, आणि पट्टीवरचा आकडा मेडिकलमध्येच वाचून घेतो. गोळी रात्री. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट कळवला, की बदललेली मात्रा त्याच रात्री सुरू होते. विसरलेली गोळी त्याच रात्री आठवली तर द्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडायची आणि तशी नोंद करायची, दुप्पट कधीच नाही.

तपासणी तालुक्याच्या एकाच लॅबमध्ये. निळ्या बुचाची नळी खुणेपर्यंत भरली का, हे मी उभं राहून बघतो. तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्त कमी पडलं तर आयएनआर खोटाच जास्त येतो आणि गोळी विनाकारण कमी होते. मात्रा बदलली किंवा नवं औषध लागलं की पुन्हा तपासणी कधी, ते तेव्हाच विचारतो. बहुधा चार-पाच दिवसांत बोलावतात.

पालेभाजी बंद केलेली नाही. पण पावसाळ्यात तरोटा, चिवळ रोजच ताटात यायला लागली की के जीवनसत्त्व वाढतं आणि आयएनआर उतरतो. म्हणून थोडी, पण बाराही महिने सारखी.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते कापूस वेचणीत. कंबर धरली की गावात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन ठरलेलं. सुईने कमरेच्या स्नायूत रक्त साकळू शकतं, आणि त्या औषधाने पोटात रक्तस्रावाची भीती वाढते. जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल आयएनआर चढवतं, टीबीचं रिफाम्पिसिन उतरवतं. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे गेलो की आधी गोळीचं नाव सांगतो. दात काढायचा असला तरी ती आपल्या मनाने थांबवत नाही.

डांबरासारखी काळी संडास, लाल लघवी, न थांबणारा घोळणा दिसला तर सकाळची वाट पाहायची नाही. डोक्याला मार लागला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर थेट सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात, वरून जखम दिसत नसली तरी.