तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या टाकीत ॲनिमोन का नाही

घरी कोणीही आलं की चहाच्या आधी हा प्रश्न येतो. टाकीपाशी उभं राहायचं, नारंगी माशांची जोडी बघायची, मग तिच्या मागे आडवं ठेवलेलं, काठ फुटलेलं मातीचं गाडगं बघायचं आणि विचारायचं, "वहिनी, ह्यांचं ते झाड कुठाय? ते हलणारं?" लॅबमधल्या मैत्रिणी विचारतात, बिल्डिंगमधली पोरं विचारतात. ज्यांच्याकडे स्वतःच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत तेही विचारतात, पण त्यांच्या आवाजात ठपका असतो. "क्लाउनफिश ठेवलेत आणि ॲनिमोन नाही? बिचाऱ्यांना घर नको का?"

इतकी वर्षं मी एवढंच म्हणत आले, "पुरात गेला." कोल्हापुरात असं म्हटलं की समोरचा गप्प होतो. प्रत्येकाचं काही ना काही गेलेलं असतं. पण ते उत्तर पूर्ण खरं नाही, आणि ते देताना मला दर वेळी खटकतं. म्हणून एकदाचं सगळं सांगते.

आधी त्या "घर" शब्दाबद्दल. ॲनिमोन म्हणजे समुद्रफूल, पण ते झाडही नाही आणि फूलही नाही. तो प्राणी आहे. त्याला तोंड आहे, पाय आहे, आणि जागा पसंत पडली नाही की तो उठून चालायला लागतो. समुद्रात क्लाउनफिशचं त्याच्यावाचून चालत नाही, हे मला मान्य आहे. मासा पोहायला मंद आणि रंगानं लांबून दिसणारा. त्या डंख मारणाऱ्या सोंडांच्या आडोशाला नसेल तर कोणीतरी त्याला गिळणारच. बदल्यात तो ॲनिमोन कुरतडायला येणाऱ्या माशांना हुसकावतो, आणि त्याच्या विष्ठेचं ॲनिमोनला खत होतं. पण माझ्या तीन फुटी टाकीत त्याला गिळणारं आहे कोण? शिवाय हे मासे हॅचरीत जन्मलेले. यांनी समुद्र कधी पाहिलेलाच नाही.

हे मी आज म्हणते. 2018 साली मी नेमकं याच्या उलट बोलत होते. दुसऱ्यांच्या टाकीसमोर उभं राहून "बिचाऱ्यांना घर नको का" हे वाक्य मीच म्हटलेलं आहे, याच शब्दांत. त्यामुळे तुम्ही म्हणता तेव्हा राग तुमचा येतो की माझा, हे मला नीट सांगता येत नाही.

त्या वेळी मी घाईनं काही केलं नव्हतं, हे मात्र ठामपणे सांगेन. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मोजल्याशिवाय माझा हात चालत नाही. ॲनिमोनच्या हजारावर जाती आहेत आणि क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या फक्त दहा. त्यातही प्रत्येक माशाची आवड ठरलेली. मरून जातीचा क्लाउनफिश समुद्रात बबल टिप नावाच्या एकाच ॲनिमोनमध्ये राहतो, क्लार्की जातीच्या माशाला दहाही चालतात. आपल्याकडे सर्रास मिळतो तो ऑसेलारिस क्लाउन समुद्रात तीनच जातींत राहतो: मॅग्निफिका, आणि जायगँटिया व मर्टेन्सी हे दोन कार्पेट ॲनिमोन. हे तिन्ही घरच्या टाकीत जगवणं फार अवघड. ते बहुतेक समुद्रातूनच काढलेले असतात, प्रवासात पायाला इजा झालेली असते, आणि कार्पेटच्या तावडीत दुसरा मासा सापडला तर तो त्याला खाऊन टाकतो. दुकानदार सांगतात, "ताई, कुठलाही न्या, बसतोच त्यात." नाही बसत. कॉन्डी म्हणून जो स्वस्तात देतात तो कॅरिबियन समुद्रातला. तिथे क्लाउनफिश औषधालाही नाही.

मला आधी एक पांढराशुभ्र ॲनिमोन दाखवला होता, "रेअर कलर" म्हणून. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर ॲनिमोनचं पोट भरतं. पांढरा पडला म्हणजे ते शैवाल गेलं, म्हणजे तो उपाशी आहे. गुलाबी-पिवळे भडक दिसतात ते बऱ्याचदा रंगवलेले असतात. मी तो नाकारला. तपकिरी बबल टिप घेतला. तोंड घट्ट मिटलेलं, पाय दगडाला असा चिकटलेला की दगडासकट उचलावा लागला. ऑसेलारिस निसर्गात बबल टिपमध्ये राहत नसला तरी टाकीत बहुतेक वेळा स्वीकारतो, आणि बबल टिप टाकीतच दुभंगून वाढतो, म्हणून समुद्र ओरबाडावा लागत नाही. माझी टाकी तेव्हा अकरा महिने मुरलेली होती. खारटपणा 1.025, तापमान 26. सांगा, कुठे चुकले?

मासे तेवीस दिवस त्याच्याकडे फिरकले नाहीत. हीटरच्या मागे झोपायचे. चोविसाव्या दिवशी सकाळी मादी त्याच्या कडेला अंग घासताना दिसली. घासायची, दचकून मागे व्हायची, पुन्हा घासायची. दुपारी मी डबा खायला घरी आले तर ती पूर्ण आत, फक्त डोळे बाहेर. संध्याकाळी नरही गेला. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी नाकारणार नाही. त्यानंतरचे नऊ महिने मी रोज रात्री दिवा मालवायच्या आधी त्या टाकीपुढे बसत होते.

मग 2019 चा ऑगस्ट. पुराचं तुम्हाला काय सांगायचं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि पंचगंगा 55 च्या वर गेली होती. आम्ही शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर. कुंभार गल्लीतल्या मूर्ती लोक मिळेल त्या जिन्यात आणून ठेवत होते. आमच्या लँडिंगवर अकरा गणपती होते, रंग न दिलेले, आणि त्यांना धक्का न लावता आम्ही पाण्याचे कॅन वर नेत होतो.

6 तारखेला दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टर रात्रीपर्यंत पुरला. मग सेलवर चालणारा हवेचा पंप टाकीत सोडला. दोन दिवसांत सेल संपले, तेव्हा रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, भाच्याची खेळण्यातली जीप, सगळ्यांचे सेल काढले. मासे तग धरून होते. ॲनिमोन आक्रसून मुठीएवढा झाला होता. चौथ्या दिवशी तो जागेवर नव्हता. टॉर्च मारून बघितलं तर मागच्या काचेवर चढलेला. पाण्याचा प्रवाह थांबला की तो हलतो, प्रवाह शोधत जातो. हे मला माहीत होतं. तो वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या, दिशेनं सरकतोय हेही मला दिसलं होतं.

वेव्हमेकरला स्पंजचं कव्हर असतं, ॲनिमोन ठेवणाऱ्यानं ते लावायचंच असतं. मी घेतलंही होतं. पण त्यानं प्रवाह कमी होतो, आठवड्याला धुवावं लागतं, म्हणून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. आणि प्लग? प्लग बोर्डातच होता, बटण चालू. लाईट नसताना बटण बंद करायचं कोणाला सुचतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला विचारत आले. पण मला सुचायला हवं होतं. रोज मशिनवर रक्त लावणारी बाई मी, करंट गेला की आधी मशिनचं बटण बंद करायचं हे लॅबमध्ये नवीन मुलींना मीच शिकवते.

11 तारखेच्या रात्री दीडच्या सुमाराला लाईट आली. अख्खी गल्ली ओरडली. शिट्ट्या, थाळ्या, कोणीतरी खाली "गणपती बाप्पा मोरया" म्हणालं. मी उठून मोबाइल चार्जिंगला लावले, फ्रिज बघितला, सासूबाईंचा पंखा लावला. हॉलमधून वेव्हमेकरची घरघर ऐकू आली आणि मला बरं वाटलं. जरा जड आवाज येत होता. पाच दिवस बंद होता म्हणून येत असेल असं वाटलं आणि मी झोपले.

सकाळी टाकीतलं पाणी ताकासारखं होतं. वेव्हमेकरच्या जाळीतून तपकिरी चिंध्या लोंबत होत्या. वास सांगत नाही. मादी तळाला आडवी, गेलेली. नर पृष्ठभागाशी तोंड वासून. अमोनियाची टेस्ट पिवळी यायला हवी, ती गडद हिरवी आली. टाकी 180 लिटरची आणि माझ्याकडे मीठ घालून ठेवलेलं पाणी 20 लिटर. नळाला पाणी नव्हतं, उपसा केंद्रं बुडाली होती. हायवे शिरोलीपाशी बंद, मीठ यायचा प्रश्नच नाही. खाली टँकरसमोर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. मी दोन कॅन घेऊन जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. माणसांना प्यायला नाही तिथे माशासाठी पाणी कसं मागायचं? त्या परत येण्याचा मला पश्चात्ताप नाही. पण मासा कोणाच्या चुकीनं मरत होता हेही मला ठाऊक होतं.

नराला त्या 20 लिटरमध्ये, बादलीत, सेलच्या पंपावर ठेवला. तो जगला.

तर, पुरात नाही गेला. लाईट नसताना पाच दिवस जो तगला तो लाईट आल्यावर गेला, माझ्या उघड्या वेव्हमेकरमध्ये. "एवढ्या पुरात ॲनिमोन कसला जगतोय" असं म्हणणारेही आहेत, आणि मला ते पटवून घ्यायला आवडलं असतं.

गाडगं नंतर आलं. ज्यांच्या मूर्ती आमच्या लँडिंगवर होत्या त्या मामांनी मूर्ती न्यायला आल्यावर बादलीतला मासा पाहिला. चार दिवसांनी भाजलेलं, बिनचकाकीचं गाडगं घेऊन आले, काठाला टवका गेलेलं. "ह्याला आडोसा होईल बघा." क्लाउनफिशची पैदास करणारे मातीच्या कुंड्या वापरतात हे मला माहीत होतं, पण मामांना कुठून माहीत असणार? त्यांना मासा उघड्यावर दिसला, एवढंच.

दुसऱ्याच रात्री तो त्यात झोपला. मग मी हॅचरीतलं एक लहान पिल्लू आणलं. क्लाउनफिश सगळे जन्मतः नर असतात, जोडीत जो मोठा तो मादी होतो. आज तुम्हाला टाकीत जी मोठी, भांडखोर मादी दिसते, काचेला बोट लावलं तर अंगावर येते, तो त्या बादलीतला नर आहे. ती गाडग्याच्या आतल्या अंगाला अंडी घालते. सुरुवातीला केशरी ठिपके, मग करडे, आणि सहाव्या-सातव्या दिवशी टॉर्च धरला की प्रत्येक ठिपक्यात दोन चंदेरी डोळे. लहान नर दिवसभर परानं वारा घालत बसतो.

"मग निदान हॅमर कोरल तरी ठेवा" असंही सांगतात. क्लाउनफिश त्यात छान बसतो, खरंय. पण हॅमर हे दगडी प्रवाळ, आणि सगळी दगडी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. दुकानात कोपऱ्यात ठेवून विकतात म्हणून मी घ्यायचं का? लेदर कोरल मऊ, तो त्या यादीत नाही. तो मी ठेवून पाहिला. मादीनं त्याला इतका घासला की तो दोन महिने उमललाच नाही. काढून मैत्रिणीला दिला, तिच्याकडे पंधरा दिवसांत फुलला.

म्हणजे गाडगं पुरेसं आहे? तुम्हाला मी हो म्हणेन. पण रात्री दिवा मालवताना मादी गाडग्याच्या काठाला अंग घासते, एकदा या बाजूनं, एकदा त्या, अगदी तशीच, त्या चोविसाव्या दिवसासारखी. तो मासा तेव्हा आत होता. त्याला आठवत असेल असं मी म्हणत नाही. मला आठवतं.

गेल्या आठवड्यात दुकानातून फोन आला. एकाची टाकी मोडतेय, त्याच्याकडे बबल टिप आहे, टाकीतच दुभंगलेला, तपकिरी, पाय घट्ट. घेताय का ताई? मी नाही म्हटलं. मग जरा वेळानं परत फोन केला आणि रविवारपर्यंत ठेवा म्हटलं. स्पंजचं कव्हर ड्रॉवरमधून काढून धुऊन गॅलरीत वाळत घातलंय. सासूबाईंनी विचारलं, हे काय. अजून मी त्यांना काही सांगितलेलं नाही.