एका शब्दाचे किती घेता?

मी पैसे घेऊन मराठी लेख आणि भाषांतरं लिहून देते, आणि मला नेहमी विचारलं जातं म्हणून सांगते. एखाद्या कॉलेजात बोलायला जावं, नाहीतर इथं नागपुरात बर्डीवर विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमात कुणी भेटावं, की चहा हातात येईपर्यंत हा प्रश्न येतोच: "ताई, एका शब्दाचे किती घेता?" विचारणारी बहुतेक विशीतली असतात. कुणी यूट्यूबसाठी संहिता लिहितं, कुणी दोन-तीन दुकानांची इन्स्टाग्राम पानं सांभाळतं, कुणी भाषांतर करतं. आकडा लपवणाऱ्या जुन्या लोकांमुळे मी स्वतः सुरुवातीची चार वर्षं फुकापासरी राबले, म्हणून आधी आकडा देते. मूळ मराठी लेखाला मी सध्या शब्दामागे साडेतीन रुपये धरते, साध्या भाषांतराला अडीच. प्रूफ आणि दुसऱ्याचं लिखाण सुधारणं तासावर, तासाला साडेपाचशे.

पण हा आकडा जसाच्या तसा उचलून पुढच्याला सांगाल तर अडचणीत याल. तो कुठून आला ते पाहा.

दोन वर्षांपूर्वी कापसावरच्या सल्ल्याचं काम आलं. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर दर आठवड्याला जाणारे आवाजी संदेश, एकेक जेमतेम ऐंशी शब्दांचा. मूळ मजकूर इंग्रजीत. पहिल्याच संदेशात आंतरमशागतीचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढण्याचं, वाक्य होतं. माझं सगळं आयुष्य शहरात, धंतोलीत गेलेलं. पुस्तकात वाचलं होतं तसं मी 'कोळपणी करावी' असं लिहिलं आणि काटोलकडच्या मामांना फोन लावून वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "कोळपणी कायची वं बाई! पऱ्हाटीत डवरा हाकतेत. डवरणी लिही, डवरणी." कोळपणी चुकीचा शब्द नव्हे, पश्चिम महाराष्ट्रात तोच चालतो. वर्ध्या-यवतमाळच्या माणसालाही अर्थ कळेल. पण बोलणारा आपल्याकडचा नाही, हे त्याला पहिल्या वाक्यातच कळेल, आणि मग पुढं पंपाला औषध किती टाकायचं हे तो त्या आवाजाकडून ऐकून घेणार नाही.

मग बोंडअळी गुलाबी म्हणायची की शेंदरी? दोन्ही नावं छापलेली सापडतात. त्यासाठी ओळखीच्या कृषी सहायकांना फोन केला. ते म्हणाले, गावात गुलाबीच बोलतात. औषधाच्या मात्रा ताडून बघायला केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं साहित्य काढलं. ही संस्था १९७६पासून नागपुरातच आहे, आणि आपल्या गावात बसून कापसावर लिहिणाऱ्यानं तिच्याकडे पाठ फिरवावी हे मला पटत नाही. हे सगळं होईतो दीड तास गेला होता. शब्द ऐंशी. अडीच रुपयांनी त्याचे दोनशे झाले असते.

मी काम देणाऱ्यांना दोन्ही मसुदे माझ्या आवाजात भरून पाठवले, एक कोळपणीचा आणि एक डवरणीचा, आणि लिहिलं की या कामाला मी शब्दावर दर लावू शकत नाही, एका संदेशाचे आठशे घेईन. त्यांनी ते दोन्ही त्यांच्या गावोगावच्या लोकांना ऐकवले. दोन दिवसांनी होकार आला.

आता वहीतला हिशेब. महिन्याचे पंचवीस दिवस, दिवसाला चार तास असं मी धरते. चार तासांपुढं लिहिलेलं मला दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावं लागतं, हे अनुभवानं कळलंय. म्हणजे विकण्यासारखे तास १००. घरखर्चातला माझा वाटा ३८,०००. इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज, आरोग्यविमा, सीएची फी मिळून ९,०००. काम नसलेल्या महिन्यांसाठी बाजूला ८,०००. झाले ५५,०००, म्हणजे तासाला ५५०. हजार शब्दांच्या लेखाला वाचायला दोन तास, लोकांशी बोलायला एक, लिहायला अडीच, सुधारायला एक. साडेसहा तासांचे ३,५७५. साडेतीन रुपये शब्द तिथून आला. तुमचं घर वेगळं, तास वेगळे, आकडाही वेगळाच येईल. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो तेव्हा दुपारी कूलरसमोर बसूनही माझं डोकं चालत नाही, म्हणून पहाटे पाचला बसते आणि त्या महिन्याचे तास ७५च धरते. अशा महिन्यांसाठीची ती बाजूची रक्कम मी कधीच कमी करत नाही.

याच वहीवर नव्या पोरांना सांगितला जाणारा पन्नास पैसे शब्द हा दर मांडून बघा. हजार शब्दांचे पाचशे, साडेसहा तासांना, म्हणजे तासाला सत्त्याहत्तर रुपये. "पण ताई, लोकं तेवढ्यातच करून देऊन राहिले ना!" असं मला सांगतात. देतात, खरं आहे. ते वाचन गाळतात, फोन गाळतात, सुधारणा गाळतात. उरतं ते अडीच तासांचं टंकन. तुम्हालाही तेवढंच करायचं असेल तर त्याच दरात करा, पण मग ते काम वर्षभरानंतर कुणाला दाखवता येत नाही. पुढची कामं मागची दाखवूनच मिळतात.

नागपुरात राहून मराठी लिहिणाऱ्याकडे आणखी एक गोष्ट असते, ती आपण फुकट वाटतो. १९५६पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथला बाजार अजूनही हिंदीत बोलतो. इतवारीतला व्यापारी काम हिंदीत समजावून सांगणार, मजकूर मराठीत मागणार. त्यामुळे इथल्या फलकांवर 'आवेदन करा', 'लाभ उठवा', 'संपर्क करा' असली मराठी दिसते. त्या जागी 'अर्ज करा', 'लाभ घ्या', 'संपर्क साधा' बसवणं आपल्याला श्वास घेण्याइतकं सोपं वाटतं, म्हणून आपण "थोडं बघून देते" म्हणतो आणि पैसे घेत नाही. हे कसब आहे. पुण्यातल्या चांगल्या लेखकाला ते जमेलच असं नाही, कारण त्याच्या कानावर दिवसभर दोन्ही भाषा पडत नाहीत. मी आता त्याचं तासाप्रमाणे बिल करते.

एक प्रसंग मात्र महाग पडला. एका दवाखान्यासाठी गरोदर स्त्रियांच्या आहाराचं पत्रक लिहिलं होतं. मजकूर युनिकोडमध्ये पाठवला. छपाईच्या ठिकाणी तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला, आणि त्या बदलात हमखास होतं तसं 'ऱ्या' तुटला, रफार सरकले. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'सर्व' असे शब्द पानभर विद्रूप झाले. पाच हजार प्रती छापून आल्यावर मला फोन आला, आणि चूक माझीच धरली गेली. निम्मे पैसे कापले. मी भांडले नाही, कारण अंतिम प्रूफ माझ्याकडे यावं असं मी कुठंच लिहिलं नव्हतं. तेव्हापासून छापायच्या प्रत्येक कामाच्या कोटेशनमध्ये एक ओळ असते: छपाईपूर्वीची पीडीएफ मला दाखवावी, त्या तपासणीचा एक तास दरात धरलेला आहे. आणि ती पीडीएफ आली की मी आधी 'ऱ' शोधते.

आता पैसे मागण्याबद्दल, कारण खरी घालमेल तिथंच असते. दर सांगताना पोरींचा आवाज खाली जातो. मंडपवाला बयाणा घेतल्याशिवाय बांबू हलवत नाही, जमिनीच्या व्यवहारात इसारपत्र झाल्याशिवाय कुणी पुढं बोलत नाही. लेखकानं इसार मागितला तर मात्र तो अविश्वास वाटतो, आणि समोरच्यापेक्षा आधी लेखकालाच वाटतो. मी नव्या माणसाकडून अर्धी रक्कम आधी घेते. शब्द हेच वापरते: "निम्मे इसार म्हणून, निम्मे मजकूर दिल्यावर." इसार म्हटलं की इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हे शहाणपण २८,००० रुपये अडकल्यावर आलं. एका जाहिरात संस्थेसाठी तीन महिने लिहिलं, सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी संदेशांवर ठरलेलं. पुढं अकरा महिने तगादा लावला. दर सोमवारी फोन करायचा, दर सोमवारी उत्तर एकच: "बिल सरांच्या टेबलवर आहे, ताई." शेवटी १०,००० आले, बाकीचे गेले. त्या काळात मी रात्री झोपताना वाक्यं जुळवत असे, उद्या काय बोलायचं, किती नरम बोलायचं. माझेच पैसे मागताना माझीच जीभ अडखळत होती. ते दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, असं मनापासून वाटतं.

म्हणून हे नीट वाचा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा कायदा कारखान्यांपुरता नाही, सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. एकट्यानं लिहिणारी व्यक्तीही उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करू शकते. १ जुलै २०२०पासून ती ऑनलाइन आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नव्हे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यामहिन्यानं चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय २०२३च्या अर्थसंकल्पानं आयकराच्या बाजूनंही चाप लावला: या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा दाखवता येत नाही. त्यामुळे आता मार्चमध्ये कंपन्यांचे सीए स्वतःच विचारतात, तुमचा उद्यम क्रमांक आहे का? माझा बिलाच्या माथ्यावरच असतो. २८,०००च्या वेळी तो नव्हता. नोंदणी कामाआधी करून ठेवा, भांडण झाल्यावर नाही.

टीडीएसबद्दल, म्हणजे पैसे देणारा आधीच कापून सरकारकडे भरतो त्या आयकराबद्दल, थोडक्यात. बिलातून १० टक्के कापून आले तर घाबरू नका, ते आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या पॅनवर दिसतात आणि विवरणपत्र भरलं की हिशेबात धरले जातात. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा लागत नाही. बाकी सीएला विचारा. ती फी वाचवू नका.

हक्कांचं मात्र सीएला विचारून चालत नाही, ते स्वतःला माहीत हवं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठपर्यंत ते लिहिलं नसेल तर भारतापुरते. मी बिलात लिहिते: 'फक्त व्हिडिओसाठी'. एकदा असंच व्हिडिओसाठी लिहिलेलं वर्षभरानं एका पुस्तिकेत जसंच्या तसं दिसलं. ते बिल पुढं केलं, पुस्तिकेचे वेगळे पैसे मिळाले. त्या दोन शब्दांच्या आधाराशिवाय मी फोनही केला नसता.

आणि एआय. आता कामं अशी येतात: "मजकूर तयार आहे, ताई, फक्त नजर घाला." यंत्रानं केलेला मसुदा असतो, वरवर गुळगुळीत. एकात मला आंतरमशागतीच्या जागी 'आंतरपीक' सापडलं. ओळींमध्ये तण काढा असं सांगायचं, तिथं दुसरं पीक पेरा असा सल्ला गेला असता. असा मसुदा सुधारायला मुळातून भाषांतर करण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्तच, कारण प्रत्येक वाक्य मुळाशी लावून बघावं लागतं. त्याला शब्दाचा अर्धा दर कबूल करू नका. तासावर घ्या.

मागच्या आठवड्यात महालातली एक मुलगी घरी आली होती. चाळीस लेख, पन्नास पैसे शब्द, पंधरा दिवसांत. तिनं जवळजवळ होकार दिला होता. ओट्याशी उभ्या उभ्याच आम्ही तिची वही मांडली. आई-बाबांकडे राहते म्हणून खर्च कमी, तरी तिचा तास तीनशेचा निघाला. तिनं तिथंच उत्तर लिहिलं: इतक्या दिवसांत इतके लेख नीट होणार नाहीत, आठ करीन, शब्दाला दोन रुपये, निम्मे इसार. पाठवायच्या आधी तीनदा वाचलं, "कृपया" दोनदा आला होता, त्यातला एक काढला. पाठवल्यावर फोन पालथा ठेवून तिनं पोहे खाल्ले.

त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान तिला नंदनवनातल्या एका शिकवणीवर्गाचं माहितीपत्रक मिळालंय, सहा पानांचं. काल तिचा मेसेज होता, इसार जमा झाला म्हणून, आणि खाली विचारलं होतं, छपाईपूर्वीच्या पीडीएफची ती ओळ नेमकी कशी लिहिता.